मध माश्यांचा, चूक कुणाची?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रामीण उद्योग मार्गदर्शन केंद्राच्या प्रमुख, आदरणीय मोठ्या बाई. व्यासपीठावर बसलेले फळबागायतदार संघाचे सन्माननीय चेअरमन. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मी उठल्याबरोबर घड्याळ बघणाऱ्या बँकेच्या मॅनेजरबाई. आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, ज्यांना हजेरीपटावर लिपिक म्हणतात आणि बाकी सगळं जग पेन्सिलसाहेब म्हणतं. समोर बसलेले रोपवाटिकावाले, गांडूळखतवाले, तेलघाणीवाले, अळंबीवाल्या ताई. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे बंधू आणि भगिनी,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, ‘या केंद्राचे पहिले समाधानी लाभार्थी’. पहिला मी आहे, हे खरं. समाधानी हा शब्द कुणी घातला, मला ठाऊक नाही. कारण दोन वर्षांपूर्वी याच पेन्सिलसाहेबांच्या विरोधात लेखी तक्रार करणारा माणूसही मीच. बाईंना माहीत आहे, तक्रार त्यांच्याच टेबलावर गेली होती. आणि तरीही आज बोलायला मलाच बोलवा, असा हट्ट खुद्द साहेबांनी धरला म्हणे. आता बोला!

मी भाषण लिहून आणलं होतं. म्हणजे सूनबाईनं लिहून दिलं होतं. चांगलं होतं. त्यात मी साहेबांना मोठ्या मनानं माफ करणार होतो. ‘माणूस म्हटला की चूक होणारच’ असं एक वाक्य होतं, त्यावर टाळ्या येतील असा माझा अंदाज होता. पण तासाभरापूर्वी बाहेरच्या व्हरांड्यात एक गोष्ट घडली आणि त्या भाषणाचा आता काही उपयोग राहिला नाही. त्यामुळे पुढं मी काय बोलणार आहे, हे तुमच्याइतकंच मलाही माहीत नाही. पाच मिनिटांची मर्यादा आहे. बघू.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मधपाळ. माझे वडीलही मधपाळ होते. आमच्या चाळीस पेट्या आहेत. फुलोऱ्याच्या दिवसांत त्या बागायतदारांकडे नेऊन ठेवायच्या, माश्या झाडाझाडावर फिरतात, फळ चांगलं धरतं. चेअरमनसाहेब मान डोलावतायत, त्यांच्याच बागेत यंदा बारा पेट्या होत्या. दुसऱ्या मधपाळांच्या पेट्यांशी गल्लत नको म्हणून वडिलांनी आमच्या सगळ्या पेट्यांच्या तोंडाशी निळी फळी ठोकली. तेव्हापासून आम्ही ‘निळ्या दाराचे’.

आणि वडिलांचा एक दंडक होता. मध आपला म्हणायचा नाही. कधीच. मध माश्यांचा, आपण नुसते राखणदार. ‘माझा मध’ असं पेटीजवळ कुणी म्हटलं आणि माश्यांनी ऐकलं, तर त्या पेटी सोडून जातात. हसू नका. मीही हसायचो. एकदा मुद्दाम म्हणून बघितलं, आठवड्यात दोन पेट्या रिकाम्या! आता ते माझ्या बोलण्यानं झालं की त्या वर्षी फुलंच कमी होती, हे काही मला अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर मी परीक्षा घेतली नाही. साठी उलटली, मी गिऱ्हाइकाला बाटली देतानाही ‘माश्यांकडून आलाय’ असंच म्हणतो.

मग आमच्या घरात सूनबाई आली. लग्नाआधी पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी करत होती. तिनं पहिल्या महिन्यात मला विचारलं, “बाबा, एवढा मध डब्यातनं का विकता? बाटलीत भरू, लेबल लावू.” लेबल तिनंच काढलं. निळं दार, अर्धं उघडं, आतून थोडा उजेड येतोय. नाव ‘निळं दार’. सहा वर्षं ती पिशवीत बाटल्या घालून दुकानोदुकानी हिंडली. पहिल्या वर्षी दुकानदार बाटल्या मागच्या फळीवर ठेवायचे, तिसऱ्या वर्षी गल्ल्याजवळ ठेवायला लागले. मी सांगतोय ते लेबल माझं नाही, तिचं आहे, हे लक्षात असू द्या.

तर बाटल्या सुरू झाल्या त्याच वर्षी, नाव नोंदवून घ्या, नाहीतर उद्या कुणीही उचलेल, असं आम्हाला याच केंद्रात सांगितलं. सांगणारे हेच साहेब. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनी भरलेत, म्हणून त्यांची पद्धत तुम्हाला पाठ असेल. खिडकीजवळचं टेबल. तोंडी काही सांगायला गेलं की ते हात वर करायचे. एक कोरा कागद पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, “तुमचा धंदा तुमच्या शब्दांत लिहा. बोलताना माणूस मला बरं वाटेल ते बोलतो, लिहिताना स्वतःचं बोलतो.” त्या कागदावरून ते आधी पेन्सिलनं अर्ज भरायचे, वाचून दाखवायचे, माणूस ‘बरोबर’ म्हणाला की मगच पेन. खोडरबराचा भुगा फुंकायचे तो समोरच्याच्या चहात. माझ्या चहात तर नक्कीच.

प्रमाणपत्र आलं. आम्ही ते काचेच्या चौकटीत बसवून पेट्यांच्या खोलीत लावलं. पाहुणे आले की आधी प्रमाणपत्र, मग चहा.

आणि अडीच वर्षांपूर्वी गिऱ्हाइकं यायला लागली. “काका, मध पाण्यासारखा झालाय तुमचा.” एका आजींनी तर बाटली माझ्यासमोर उलटी करून दाखवली, साखरेचं पाणी. लेबल बघितलं. निळं दार. फक्त त्यांचं दार पूर्ण उघडं होतं! बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं आमचंच नाव, आमचाच रंग उचलला होता. मी म्हटलं, काळजी नको, आपल्याकडे काचेची चौकट आहे.

वकिलांकडे गेलो. त्यांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, “काका, नोंदणीत मालाचे वर्ग असतात. मध बसतो तिसाव्या वर्गात. तुमची नोंदणी आहे एकतिसाव्या वर्गात.”

“एकतिसाव्यात काय असतं?”

“जिवंत प्राणी.”

मला काही उमजेना. ते म्हणाले, “म्हणजे उद्या कुणी ‘निळं दार’ या नावानं जिवंत मधमाश्या विकल्या, तर आपण त्याला सळो की पळो करून सोडू. मधाचं मात्र... आणि त्या व्यापाऱ्यानं तर मधासाठी या नावाचा अर्जही टाकलाय.”

एका आकड्याचा फरक, मंडळी. माश्या सुरक्षित आणि मध उघड्यावर!

अर्ज भरला कुणी? साहेबांनी. मग चूक कुणाची? साहेबांची. दोन अधिक दोन चार. घरी आलो आणि तक्रार लिहिली. सूनबाई म्हणत होती, आधी त्यांना भेटून विचारा तरी. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, गरिबाचं नुकसान, जेवढे शब्द येत होते तेवढे घातले. खाली लिहिलं, योग्य ती कारवाई व्हावी. तीन प्रती काढल्या.

कारवाई झाली. साहेबांना खुलासा विचारला, त्यांनी एका ओळीत दिला: “विचारायला हवे होते, विचारले नाही.” सेवापुस्तकात शेरा बसला, कामात हलगर्जी. बढतीच्या यादीत नाव होतं, ते गेलं. खिडकीजवळचं टेबल गेलं. दोन वर्षं हा माणूस मागच्या रेकॉर्डच्या खोलीत गठ्ठ्यांना दोऱ्या बांधत होता, आणि अर्ज भरायला त्यांच्याजवळ कुणी फिरकायचं नाही, तसा हुकूमच होता. मी एकदा तिथं डोकावलो होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं.

आता गंमत ऐका. गंमत म्हणू की काय म्हणू? तोच माणूस सुट्टीच्या दिवशी सायकल मारत आमच्या घरी यायला लागला. सूनबाईबरोबर ओट्यावर बसून जुन्या बाटल्यांचे फोटो, दुकानांच्या पावत्या, छापखान्याची बिलं शोधायचा. त्या व्यापाऱ्याच्या आधीपासून हे नाव आम्ही मधावर लावतोय, हे दाखवता आलं तर त्याच्या अर्जाला विरोध करता येतो म्हणे. तो विरोध-अर्ज यांनीच आमच्या घरात बसून तयार केला, वकिलांनी नुसता तपासला. त्याची सुनावणी आता पुढच्या महिन्यात आहे. मी त्यांना पाणी द्यायचो आणि मनात म्हणायचो, चुकीची भरपाई करतोय बिचारा. साखर कमी घालून चहासुद्धा पाजला आहे मी यांना.

आता व्हरांड्यातली गोष्ट.

मी आज तासभर आधी आलो. बाकावर बसलो होतो, सूनबाई शेजारी. या कार्यालयाच्या शिपाईबाई आल्या, हातात एक पातळ फाईल. म्हणाल्या, “साहेबांनी कपाट रिकामं केलं. ही तुमची आहे. घरी जाऊन चुलीत घाला म्हणालेत, उघडून बघू नका म्हणालेत.”

उघडून बघू नका, असं सांगितल्यावर न बघणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचा आहे.

आत एकच कागद. अक्षर माझं. सहा वर्षांपूर्वीचा तो कोरा कागद, जो साहेबांनी माझ्यापुढं सरकवला होता. त्यावर मी काय लिहिलं होतं? ‘मी मधमाश्या पाळतो. पेट्या बागेत ठेवायला देतो, कधी विकतो. मध माझा नाही. मध माश्यांचा आहे.’ आणि खाली झोकदार सही.

बघा, मंडळी. नाव नोंदवायला गेलेला मधविक्या स्वतःच्या हातानं लिहून देतो की मध माझा नाही! हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं का? आणि मग मला सगळं आठवलं. साहेबांनी पेन्सिलचा अर्ज वाचून दाखवला होता, “वर्ग एकतीस, जिवंत प्राणी, मधमाश्यांसह. बरोबर?” आणि मी म्हणालो होतो, “अगदी बरोबर, साहेब.” त्यांच्या चेहऱ्यावर थोडी शंका होती, तीही आठवली.

साहेब, तुम्ही मघापासून मला हातानं बसा बसा करताय, ते मला दिसतंय. बसतो. एवढं संपवून बसतो.

त्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं दोन ओळी आहेत. साहेबांचं अक्षर. ‘हा कागद चौकशीच्या फायलीत लावू नये. घरच्यांचे नुकसान होईल.’ खाली तारीख. माझ्या तक्रारीनंतर तिसऱ्या दिवसाची. म्हणजे खुलासा मागितला तेव्हा हा कागद त्यांच्या हातात होता. बाईंच्या टेबलावर तो ठेवला असता तर शेरा बसला नसता, टेबल गेलं नसतं, बढती मिळाली असती. मी सूनबाईला विचारलं, “मग दाखवला का नाही?” तिनं कागद दोनदा वाचला आणि हळूच म्हणाली, “बाबा, चौकशीच्या कागदात हा गेला असता, तर त्या व्यापाऱ्याच्या वकिलानं मागून घेतला असता. मालकच सहीनिशी सांगतोय की मध माझा नाही. मग आपलं लेबल कुठलं?”

“अगं, पण मला तरी सांगायचं!”

“तुम्हाला?” ती म्हणाली. “तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?”

आणि बघा, मंडळी, मी आत्ता काय केलं. भर सभेत, माइकवर, शब्दन् शब्द सांगून मोकळा झालो. त्या व्यापाऱ्याची माणसं या गर्दीत असतील तर उद्या सकाळी त्यांच्या वकिलाच्या दारात उभी राहतील. साहेबांनी कपाळाला हात लावलाय. दोन वर्षं या माणसानं जे पोटात ठेवलं, ते मला एक तास ठेवता आलं नाही.

मला कुणीतरी समजावून सांगा. चूक नक्की कुणाची? मी चुकीचं लिहिलं. पण साहेब खुलाशात म्हणाले तेही खोटं नाही, त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, अहो, बाटलीत काय आहे? विचारलं नाही. आणि वडिलांनी मला जे शिकवलं, ती चूक होती का? मला तसं वाटत नाही. माश्यांच्या हिशेबानं मी खरं बोललो आणि नोंदणीच्या हिशेबानं खोटा पडलो. दोन्ही एकाच वेळी कसं होतं? मी तासभर विचार करतोय, डोकं भणभणलंय. एवढंच कळलंय की शिक्षा एकट्यानं भोगली आणि ती मी लिहून मागितलेली होती.

मोठ्या बाई, साहेबांचं सेवापुस्तक आज संध्याकाळी बंद होणार आहे असं ऐकतो. एकदा बंद झालं की तो शेरा कायमचा. मी इथं कितीही बोललो तरी बोललेलं हवेत जातं, पुस्तकाला कागद लागतो. माझी तक्रार मागं घेतल्याचं मी आत्ता लिहून देतो. पण तेवढ्यानं भागेल का? मी मागं घेतली म्हणजे दया केली असंच दिसेल. साहेबांचं वागणं बरोबर होतं, असं नाही दिसणार. ते फक्त त्या कागदानं दिसेल.

आणि तो कागद माझ्याजवळ नाही. सूनबाईच्या पर्समध्ये आहे. मीच दिला तिच्याकडे, माझ्या हातून काहीतरी होईल म्हणून.

बाळ, तू तिसऱ्या रांगेत बसलीयस आणि माझ्याकडे बघतीयस, त्या बघण्याचा अर्थ मला लागत नाही. चार लोकांत तुला विचारणं बरोबर नाही, हेही मला कळतंय. सहा वर्षं तू हिंडलीस, मी नाही. तोंडानं बोललेलं वकील नाकारू शकतो, सही केलेला कागद कसा नाकारणार? तो फाडलास तरी मी तुला एका शब्दानं विचारणार नाही. साहेबांचीही तीच इच्छा आहे, बघ, ते तुलाच मानेनं नाही नाही म्हणतायत. तू बस. मी आपला...

ती उठली. अहो, जरा वाट द्या तिला. पायरी आहे, हळू.

साहेब, तुम्ही अडवू नका. बसा तुम्ही. आज तुमचा सत्कार आहे, आज तुमचं कुणी ऐकणार नाही.

तिनं कागद बाईंच्या हातात दिला. बाई वाचतायत. ... काय म्हणालीस? माइकवर म्हण, मागच्यांना ऐकू आलं नाही. लाजतीय. मीच सांगतो. ती साहेबांना म्हणाली, “लेबल मी दुसरं काढेन, काका.”

पाच मिनिटांची वीस झाली असतील. अध्यक्षांनी संधी दिली, आभारी आहे. मान्यवरांनी ऐकून घेतलं, उभ्या असलेल्यांनी पाय दुखत असताना ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. साहेबांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा वगैरे कागदावर होत्या, त्या आहेत असं समजा. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कमीजास्त शब्द गेला असेल, तर सभा उदार मनानं पोटात घालते, तसा रिवाज आहे. तुमच्याकडून ती क्षमा मी धरूनच चालतो.

साहेब, तुमच्याकडून धरून चालत नाही. तुमच्याकडं मागतो. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तुमची दोन वर्षं मी घालवली आणि ती मला परत देता येत नाहीत. मला माफ करा. लगेच हो म्हणू नका, उगीच माझं मन राखायला. घरी जा, विचार करा, आणि नाही वाटलं तर नाही म्हणा. मी उद्या सकाळी तुमच्या दारात येऊन विचारतो.